कान दिसले पाहिजेत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. ही इंजिनिअर, वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली, तेव्हा हिच्याकडून एआयबद्दल चार गोष्टी ऐकाव्यात असा त्यांचा विचार असणार. मी म्हटलं, बोलते, पण विषय माझा. तर आजचा विषय आहे : लांब केसांचे पुरुष आणि त्यांचं संगीत.

हसू नका. हा विषय तुम्हीच मला दिलाय. गेल्या दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकला होता. सतरा वर्षांचा आहे. केस खांद्याच्या खाली, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर ब्लॅक सॅबथ या बँडचं नाव आणि मांडीवर तंबोरा. कुणी विचारलं, "हे बाबाजी कोण?" कुणी न्हाव्याचे पैसे गुगल पे करायला निघालं. एकीनं तर खासगीत काळजीनं विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं घरी?" एकोणीस प्रतिक्रिया आल्या आणि एकोणीसच्या एकोणीस केसांवर होत्या. तंबोरा कुणालाच दिसला नाही.

आपली सवयच तशी आहे, आणि ती कुठून लागली हेही आपल्याला माहीत आहे. सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांच्या रांगेतून पीटीचे सर फिरायचे. त्यांचा नियम एका वाक्याचा होता : "कान दिसले पाहिजेत." कानावर केस आले की दुसऱ्या दिवशी कापूनच यायचं. आम्ही मुली दोन वेण्या घालून बाजूला उभ्या राहून गंमत बघायचो. आज मला त्याच वाक्यावर बोलायचंय, कारण सरांचा नियम बरोबर होता असं मला आता वाटतं. कारण मात्र वेगळं आहे.

आधी केसांचं बघू. आपल्याला वाटतं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पुरुषांनी केस वाढवायचं खूळ हिप्पींनी आणलं. तसं नाही. १८४० च्या दशकात फ्रान्झ लिस्ट नावाचा पियानोवादक युरोपभर दौरे करत होता. केस खांद्यापर्यंत. वाजवताना तो ते मागे फेकायचा आणि सभागृहातल्या बायका वेड्या व्हायच्या. त्याच्या केसांच्या बटा मिळवायला झुंबड उडायची. हाइन या जर्मन कवीनं १८४४ मध्ये या वेडाला 'लिस्टोमेनिया' असं नावच देऊन टाकलं. पुढे अमेरिकेत तर 'लाँगहेअर' या शब्दाचा बोलीभाषेतला अर्थच मुळी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि त्याचे भक्त असा झाला. बग्ज बनीच्या १९४९ सालच्या एका कार्टूनचं नाव याच शब्दावरून आलंय. त्यात ससोबा पांढऱ्या केसांचा टोप घालून ऑर्केस्ट्राचे संचालक होतात. म्हणजे हिप्पींच्या आधी 'लांबकेश्या' हा शब्द ज्याला उद्देशून वापरत, तो बीथोव्हेन ऐकणारा माणूस असायचा. साठच्या दशकात तोच शब्द रॉकवाल्यांना चिकटला.

आणि आपल्याकडे? आपण शाळेत असताना चहाच्या जाहिरातीत तबल्यावर बोटं आणि कपाळावर कुरळे केस एकाच लयीत उडवणारे उस्ताद झाकिर हुसेन आठवा. माहीमला वाढलेला हा माणूस. त्यांचे केस कापा असं कुणाच्याही आजीला कधी वाटलं नाही. उलट आजीच कौतुकानं बघायची. केस तेच. ऐकणाऱ्याला संगीत ओळखीचं असलं की ते शोभून दिसतात, अनोळखी असलं की खुपतात.

म्हणून आता संगीताकडे येते. हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं तुमच्यापैकी बहुतेकांचं मत असणार. माझं पोट गोंगाटावरच चालतं. फोनवरच्या बोलण्यातून मागचा कलकलाट वेगळा काढणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. दिवसभर आम्ही हेच ठरवत असतो, की यातला आवाज कुठला आणि गोंगाट कुठला. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं समजा.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्या दोन बोटांसाठी टोपणं केली आणि पातळ तारा लावल्या. पुढे १९७१ पर्यंत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवून सैलही केल्या, म्हणजे दाबायला त्रास कमी. त्यातून जो जडशीळ, खर्जातला आवाज निघाला, त्यावर पुढचं सगळं हेवी मेटल उभं राहिलं. जुगाड हा शब्द बर्मिंगहॅममध्ये नसेल, पण वस्तू तीच.

फेब्रुवारी १९७० मध्ये त्याच्या बँडची, ब्लॅक सॅबथची, पहिली रेकॉर्ड आली. तिच्या पहिल्याच गाण्याची सुरुवात आपल्या भाषेत सांगते : सा, मग वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. बस. बँडचा बेसवादक गीझर बटलर हा गुस्टाव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'प्लॅनेट्स' या रचनेचा भक्त. त्यातल्या 'मार्स'चा असर या सुरावटीमागे आहे, हे बँडमधल्यांनीच सांगितलंय. षड्जापासून तीव्र मध्यमाचं हे अंतर युरोपात इतकं अस्वस्थ करणारं मानलं गेलं, की त्याला 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात येतो आणि दिवेलागणीची वेळ प्रसन्न करतो. मुलाला हे लक्षात आलं तेव्हा तो दोन दिवस घरभर तेच तीन सूर गुणगुणत होता, एकदा यमनासारखे आणि एकदा सॅबथसारखे. स्वर तेच, फरक आजूबाजूच्या स्वरांचा आणि त्यांना कसं वागवलं त्याचा.

आता थोडं इंजिनिअरिंग. थोडंच, परीक्षा नाही. मेटलमधल्या गिटारचा तो खरखरीत आवाज कसा येतो? अ‍ॅम्प्लिफायरला पेलणार नाही इतका सिग्नल त्यात सोडला, की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात. कापलेल्या लहरीतून नवे उपस्वर जन्माला येतात. दोन स्वर एकदम छेडले तर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. समजा सा १०० कंपनांवर आहे आणि पंचम १५० वर. वजाबाकी ५०, म्हणजे खालच्या सप्तकातला सा! कुणीही न वाजवलेला खर्ज आपोआप उभा राहतो. आता त्यात गंधार मिसळायला जा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. त्याची वजाबाकी सुरात बसत नाही, सगळं गढूळ होतं. म्हणून मेटलवाले बहुतेक वेळा गंधार वगळतात आणि नुसता षड्ज-पंचम धरतात. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

षड्ज-पंचम! अहो, हे तर तंबोऱ्याचं लावणं झालं. मिरजेला तंबोरा करणारे कारागीर घोडीवर तासन् तास हात फिरवून जवारी काढतात, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवून ती खुलवायची, ती कशासाठी? तारेनं घोडीला अलगद घासत कंप पावावं आणि उपस्वरांची झळाळी उठावी म्हणून. खर्जाच्या तारेतून तो स्वयंभू गंधार ऐकू येतो, जो कुणी वाजवलेलाच नसतो. कृती वेगळी, पण एका ठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर आणि दुसऱ्या ठिकाणी दोरा, दोघांचं काम एकच : साध्या तारेतून न छेडलेले स्वर बाहेर काढणं. आणि ते ऐकायला जो कान लागतो, तोही एकाच घडणीचा असतो.

मग लांब केसांची ही मंडळी दोन्हीकडे दिसतात यात नवल काय? डीप पर्पलच्या जॉन लॉर्डनं सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपला रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकत्र वाजवले, तेही स्वतः लिहिलेल्या कंचेर्तोत. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत चेलो शिकणाऱ्या चार केसाळ मुलांनी १९९३ मध्ये अपोकॅलिप्टिका नावाचा गट काढला आणि १९९६ ची त्यांची पहिली रेकॉर्ड म्हणजे चार चेलोंवर वाजवलेलं मेटालिका. एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ यांनी २००८ मध्ये ३६ हजारांहून अधिक श्रोत्यांची पाहणी मांडली. तिच्यात वय सोडलं तर शास्त्रीय आणि हेवी मेटल ऐकणाऱ्यांचे स्वभाव एकमेकांशी बरेच जुळले : सर्जनशील, थोडे अबोल, आपल्यातच रमणारे. तानसेन सगळ्यांना होता येत नाही, निदान कानसेन व्हावं, असं आपल्या संगीताच्या बाई म्हणायच्या. हे सगळे कानसेन.

पण मी केवळ कौतुक करायला उभी राहिलेली नाही. इथून पुढचं जरा लक्ष देऊन ऐका.

कॉलेजात आमच्या पुढे एक वर्ष असलेला एक मुलगा होता. त्याला विचारूनच हे सांगतेय. नाव मात्र सांगत नाही. केस पाठीपर्यंत. आई गाणारी, हा लहानपणी व्हायोलिन शिकलेला. मुंबईला रंगभवनात रॉकचा कार्यक्रम असला की रात्रीची गाडी पकडून जायचा, आणि डिसेंबरात रमणबागेत सवाई गंधर्वला सतरंजीवर बसून पहाट करायचा. रंगभवनात त्याला कुणी दोनदा बघायचं नाही. सवाईला मात्र शेजारच्या काकू पर्स जवळ ओढून घ्यायच्या. कोणता राग चाललाय हे त्याच काकूंना तोच सांगायचा. आम्हाला ऐकायला शिकवलं ते त्यानं.

पुढे बारा वर्षं तो बँडमध्ये गिटार वाजवत राहिला, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून. आज तो अठ्ठेचाळीसचा आहे. त्याच्या कानात अखंड बारीक शिट्टी वाजते, झोपेत सोडून चोवीस तास. वरच्या पट्टीतलं ऐकणं बरंच गेलंय. गेल्या वर्षी आमच्या घरी मुलगा तंबोरा लावत होता, तेव्हा हा शेजारी बसला होता. म्हणाला, "सा येतो, पंचम येतो, गंधारही कळतो. पण वरची झळाळी नाही येत. आणि माझ्या तंबोऱ्याला आता एक पाचवी तार आहे, ती कायम बेसूर."

ज्या गोष्टीसाठी हा माणूस दोन्हीकडे जात होता, नेमकी तीच गेली.

इतकी वर्षं त्याला त्याच्या केसांबद्दल बोलले नाहीत असे लोक मोजायला गेलं तर हाताची बोटंही उरतील. वडील, प्राध्यापक, हॉस्टेलचा वॉचमन, मुलाखत घेणारे, मुलगी बघायला गेला तिथले भावी सासरे. कानांबद्दल त्याला एकानंही विचारलं नाही.

केसांकडे बघत राहिलं की कान हुकतो, याचं सगळ्यात नामवंत उदाहरण बीथोव्हेनचं आहे. तिशीच्या आतच त्याला कमी ऐकू येऊ लागलं. १८०२ मध्ये त्यानं भावांना उद्देशून लिहून ठेवलं, की मी गेल्यावर माझ्या दुखण्याची हकिकत डॉक्टरांकडून लिहून घ्या, जगाला कळू द्या. १८२७ मध्ये तो वारला तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी त्याच्या केसांच्या बटा कापून नेल्या. त्यातली एक बट फर्डिनांड हिलर या पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावानं पिढ्यान् पिढ्या जपली गेली. १९९४ मध्ये तिचा लिलाव झाला, तपासणीत शिसं सापडलं, आणि शिशानंच तो आजारी पडला असं सगळीकडे छापून आलं. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आठ बटांचा डीएनए तपासला. पाच खऱ्या निघाल्या. हिलरची बट मात्र एका बाईची निघाली! खऱ्या केसांनी यकृताच्या आजाराचा धोका आणि काविळीचा संसर्ग दाखवला. पुढच्या वर्षी त्यातल्या दोन बटांत शिसंही भरपूर आढळलं. पण बहिरेपणाचं नक्की कारण दोनशे वर्षं जपलेल्या त्या केसांनी सांगितलं नाही.

कारण महत्त्वाचे केस डोक्यावर नसतातच. ते कानाच्या आत असतात. आपल्या प्रत्येक कानात शंखासारखा एक अवयव असतो आणि त्यात साधारण १५ हजार केशपेशी असतात, सूक्ष्म केसांचे झुपके असलेल्या. आवाजानं ते झुपके हलतात आणि मेंदूला ऐकू येतं. फार मोठा आवाज फार वेळ झाला की या पेशी मरतात, आणि त्यात पहिला नंबर बहुधा वरच्या पट्टीच्या पेशींचा लागतो. डोक्यावरचे केस सरांनी कापायला लावले तर महिन्याभरात परत यायचे. कानातले, एकदा गेले की माणसाला परत येत नाहीत.

याला मेटलच लागतं असंही नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या ऑपेराची तालीम चालू असताना पितळी वाद्यांच्या अगदी पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाचे कान कायमचे बिघडले, आणि २०१८ मध्ये न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाच्या शेजारी चार-पाच तास चालणारी पोरं असतात, त्यांचे केस अगदी नीट कापलेले असतात. आणि घरोघरी इअरफोन आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या एक अब्जाहून अधिक तरुणांचे कान या ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहेत.

हिशोब सोपा आहे. ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०. असं करत १०० डेसिबलला पोचलात की आठवड्याभरात मिळून उरतात जेमतेम २० मिनिटं. बऱ्याच फोनमध्ये हल्ली इअरफोनचा आवाज किती आहे ते दिसतं. आज घरी गेल्यावर मुलांच्या फोनमध्ये बघा, त्यांच्यासमोर आणि न ओरडता. कार्यक्रमातून आल्यावर कान गुंगल्यासारखे वाटले किंवा शिट्टी वाजली, तर ती सूचना आहे. आणि कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. कान ओढण्यात आपल्या शिक्षकांचा हात कुणी धरणार नाही, तेव्हा प्रशिक्षणाची सोय शाळेतच आहे.

माझा मुलगा त्याच्या आवडत्या बँडला इअरप्लग घालून जातो. केस त्याचे आहेत, मी त्यांच्याबद्दल बोलत नाही. कानांचं मात्र दर महिन्याला विचारते. तो वैतागतो, पण सांगतो.

शेवटचा मुद्दा. आपल्या बॅचनं शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे आणि सध्या सगळ्यात जास्त मतं सभागृहासाठी मोठ्या स्पीकर सेटला आहेत. जरूर द्या. पण त्या निधीतून दरवर्षी आठवीच्या मुलामुलींची श्रवणतज्ज्ञाकडून कानांची तपासणी करून घ्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. आठवीत, कारण बहुतेक घरांत इअरफोन कायमचा कानात जातो तो याच सुमारास. मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले, त्यांची तयारी आहे. माझा वाटा संयोजकांकडे दिलाय. तुमचं मत जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना कळवा.

आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला डीजे आहे असं ऐकलं. चहाच्या टेबलावर फोमच्या इअरप्लगच्या दोनशे जोड्या ठेवल्यात. पिवळ्या डब्यात. नाचायला येणाऱ्यांनी एकेक घेऊन जा.